करी आण, करी आण

रविवारी सकाळी सुनेने टीव्हीवर एका म्हाताऱ्या गायकाचे व्हिडिओ लावले... आणि जेवणाची वेळ होत आली तरी मी टीव्हीसमोरच होते.

रॉक म्हणतात तसल्या गाण्यांचा हा परदेशी गायक. आमच्या ह्यांचा फार आवडता. साठच्या दशकात, इथे तंजावूरला राजवाड्याजवळ एका मित्राकडे रेडिओ होता. तिथे ऐकून यायचे आणि घरी गुणगुणायचे. मी मात्र त्याची मूळ गाणी कधी ऐकलीच नव्हती. आमच्याकडे रेडिओ आला तोवर त्या स्टेशनवर दुसरेच गायक आले होते.

हे जाऊन चार वर्षं झाली. फोटो पुष्कळ आहेत... आवाज कुठेच नाही. कोणी टिपून ठेवला नाही. हल्ली तो माझ्या कानातूनही पुसट व्हायला लागलाय, आणि मला त्याचीच भीती वाटते. म्हणून सुनेला म्हटलं, ह्यांच्या गायकाला शोध. निदान चाल तरी ऐकेन.

पहिला व्हिडिओ अलीकडचा. ऐंशीच्या घरातला माणूस, स्टुलावर बसून गातोय. आवाज चिरकलेला, बोटं मात्र गिटारवर अजून तरतरीत. मग मैदानभर माणसं, घामाने भिजलेला शर्ट, खांद्यापर्यंत केस... सून मागे मागे जात होती आणि तो तरुण होत होता. मला त्याच्या बायकोचा हेवा वाटला. सगळं जपलेलं... हवं तेव्हा लावावं.

शेवटी एक काळा-पांढरा व्हिडिओ लागला. लहानसा हॉल, कोट-टाय घातलेला किडकिडीत पोरगा. त्याने पायाने ठेका धरला आणि धृपद सुरू झालं... 'करी आण, करी आण.'

मी उठले आणि स्वयंपाकघराकडे चालू लागले.

"अत्ते, काय पाहिजे?" सुनेने विचारलं.

"करी आणते," म्हटलं... आणि दारातच थांबले.

तुम्हाला सांगायला हवं. तमिळमध्ये करी म्हणजे भाजी, आणि तंजावूरच्या आमच्या मराठी घरातही तोच शब्द. मी लग्न होऊन आले तेव्हा हे पानावर बसले की जमिनीवर बोटांनी ठेका धरून हेच म्हणायचे. सासूबाई लगेच हाक द्यायच्या, "अगे, करी आण म्हणतोय तो! ऐकू येईना काय? वाढ की!" मग मी पातेलं घेऊन बाहेर यायची. हे निमूट वाढून घ्यायचे. कारल्याची असली तरी.

सून पोट धरून हसली. "अत्ते, ते कॅरी ऑन आहे! चालू दे, पुढे जा, असं. अप्पा भाजी मागतच नव्हते हो!"

मीही हसले. माझी शाळा तमिळमधली. देवनागरी लग्नानंतर जुन्या मासिकांवर बोट ठेवून आपली आपण शिकले, इंग्रजी राहून गेलं. मला कसं कळणार? पण हे कॉलेजात शिकलेले. माझी चूक त्यांना पहिल्याच दिवशी कळली असणार... तरी बोलले नाहीत. उलट रोज म्हणत राहिले.

मग एकेक आठवत गेलं. त्या काळी आमच्याकडे मोठ्यांसमोर नवऱ्याने बायकोला हाक मारायची रीत नव्हती. मी दिवसभर आत, हे बाहेर. सासूबाईंच्या देखत मला बाहेर बोलवायला ह्यांच्याजवळ तेवढं एक गाणं होतं... आणि गंमत म्हणजे सासूबाईच मला पाठवायच्या!

सुनेने गाणं पुन्हा लावलं. आवाज त्या पोराचा. पण आमचे हे शेवटचं 'आण' जरा लांबवायचे, तो काही लांबवत नव्हता... तिथे मला ह्यांचा आवाज स्वच्छ ऐकू आला.

दुपारी कच्च्या केळ्याची करी होती. हे गेल्यापासून मी कुठलीच गोष्ट दुसऱ्यांदा वाढून घेत नाही, हे सुनेला ठाऊक आहे. ती पातेलं घेऊन आत निघाली, तेव्हा मी टेबलावर बोटांनी ठेका धरला. ती वळून बघायला लागली.

"ऐकू येईना काय?" म्हटलं. "करी आण."