टेकलेला पाय

सिग्नलला आमची गाडी उभी होती. बायको हसून म्हणाली, "कोणाला बोट दाखवतोयस?" बघतो तर काय, स्टीअरिंगवरून माझी तर्जनी सुटून पुढे ताठ झाली होती. ब्रेक शोधत होती बिचारी.

पूर्वी मी ट्रायल्सची सायकल चालवायचो, म्हणजे खडकांवरून उड्या मारत न्यायची सायकल. तिला सीटच नसते. "चोरीला गेली का हो?" असं लोक मला विचारायचे. तिचा ब्रेक एका बोटानं दाबायचा आणि बाकीच्या बोटांनी हँडल धरायचं. उड्या जमतात हो, पण एका जागी नुसतं उभं राहणं महाकठीण. तेव्हा चाकाखालचा खडा न् खडा तळहाताला कळायचा.

ही नवी गाडी चांगली आहे, खोटं कशाला बोलू? पण हिला ना क्लच, ना बदलायला गिअर. सिग्नलला ब्रेकसुद्धा तीच धरून ठेवते. रस्त्यावरचा पट्टा जरा ओलांडला की टुंग टुंग करून दटावते. सगळं सांभाळते आणि मला काही कळूच देत नाही. राग येतो तो त्याचा.

"रविवारी काढ की सायकल," बायको म्हणाली.

"आणि गुडघा?"

तिनं माझ्या दुखऱ्या गुडघ्यावर हलकेच थोपटलं.

स्पर्धेत पाय जमिनीला टेकला की चूक धरायचे. त्या एका चुकीच्या धाकानं मी किती वर्षं हवेत तरंगत काढली! मी बोट मिटलं आणि सहज खाली पाहिलं. या गाडीत डाव्या पायाला काही कामच नाही. तो केव्हाचा टेकलेला होता.