समोरच्या वकिलानं सांगितलेला आजार

माझ्या आजाराचं नाव मला दवाखान्यात न्हाई, ग्राहक मंचात कळलं. तेही समोरच्या वकिलाकडून!

"साहेब, हा मेनिया आहे," डॉक्टरांचे वकील म्हणाले. मेनिया म्हणजे उदासीच्या बराबर उलटं. माणूस उधळतो, झोपत न्हाई. "तो यांच्या रक्तातच होता. गोळीचा काय दोष?"



मी एमआयडीसीत बियाण्याच्या कंपनीत होतो. अन्न जाईना, बोलणं नको वाटे, म्हणून माय मला टेंभुर्णीहून जालन्याला घेऊन गेल्ती. डॉक्टरांनी अँटीडिप्रेसंट दिलं, म्हणजे उदासी घालवायची गोळी. "घरात कुणाला असं?" त्यांनी विचारलं.

"बिलकुल न्हाई," माय म्हणाली.

दहाव्या दिवशी मी अख्ख्या पाळीला जिलेबी वाटली अन् मॅनेजरच्या टेबलावर चढून भाषण ठोकलं. नोकरी गेली. मॅनेजर म्हणाले, "गोळीनं झालं असा कागद आण, परत घेतो." त्या कागदासाठी मी डॉक्टरांवर केस टाकली.

पण समोरच्या वकिलाचं एकेक ऐकून डोकं गरगरायचं. एका तारखेला म्हणे, गोळीनं असं होतच न्हाई. पुढच्या तारखेला म्हणे, होतं, पण माहितीपत्रकात छापलंय. अरे बाबा, मला दुकानदारानं पट्टी कापून दिल्ती, पत्रक कुठलं! अन् आता रक्त.

वकील आमच्याच तालुक्यातले. त्यांनी मायला विचारलं, "तुमच्या भावाचं काय झाल्तं?"

 माझ्या बहिणीची सोयरीक जमली होती. खरं बोललं तर ती मोडणार, माझी केसही जाणार.

"त्यालाबी असंच व्हायचं," माय शेवटी म्हणाली. "पोरीचं जमायचं न्हाई म्हणून लपवलं मी."

केस गेली. सोयरीकही मोडली. मायचा असा राग आला की आठ दिवस बोललो न्हाई.

मामाच्या आजाराचं ऐकून नवे डॉक्टर म्हणाले, "हे बायपोलर. कधी उदासी, कधी उधाण. नुसती उदासीची गोळी अशांना कधीकधी उलटते." त्यांनी लिथियम दिलं, मन थाऱ्यावर ठेवणारं औषध. हळूहळू झोप आली. दाल मिलमध्ये कामही मिळालं.

मंग दोष गोळीचा, रक्ताचा, की मायचा? मला अजून कळलं न्हाई. त्या वकिलाचे मात्र उपकार मानतो, काय करणार! तुम्हाला डॉक्टरांनी घरचं विचारलं तर लाजू नका, एवढंच सांगतो.

पुढच्या साली बहिणीला पाहायला दुसरे पाव्हणे आले. चहाच्या आधीच माय म्हणाली, "आधी ऐका. माझ्या भावाला डोक्याचा आजार होता. या पोरालाबी आहे."

मुलाच्या वडिलांनी माझ्याकडं पाह्यलं. "आता झोप लागते का बराबर?"

"लागते," मी म्हणालो. एवढ्या तारखा झाल्या, पण हे मला मंचात कुणीच विचारलं नव्हतं.