वांगणीची जागा

माझं अक्षर वाईट आहे. वेलांटी कुठं पहिली आणि कुठं दुसरी हे मला अजून नीट कळत नाही. चौथीनंतर शाळा सुटली, पुढं पेन्सिल हातात आली ती वाण्याच्या यादीपुरती. ही वही कुणाच्या हाती लागलीच तर चुका पोटात घालाव्यात. वही म्हणजे ह्यांच्या कचेरीतली जुनी डायरी आहे, तारखांकडे बघू नये. मला माणसांत बोलता येत नाही. लिहिताना समोर कुणी नसतं, म्हणून लिहिते.

आम्ही उल्हासनगरला चार नंबर कॅम्पात एका बराकीतल्या खोलीत भाड्यानं राहायचो. मालकीण सिंधी होत्या, सगळी गल्ली त्यांना अमां म्हणायची. मुलगी दुसरीत गेली त्या वर्षी अमांच्या मुलांनी बराक पाडून तीन मजले बांधायचं ठरवलं. अमां स्वतः सांगायला आल्या, चहा प्यायल्या, डोळ्याला ओढणी लावली आणि दिवाळीपर्यंत खोली मोकळी करायला सांगून गेल्या. खोली सोडण्याचे चार हजार देणार होत्या.

आमचे हे फोर्टातल्या एका कचेरीत शिपाई. साहेब लोक यायच्या आधी टेबलं पुसून, पाणी भरून ठेवायचं. हजेरीला तीनदा उशीर झाला की एक रजा कापली जायची. म्हणून जागा कुठंही घेतली तरी सकाळची गाडी धरता आली पाहिजे, हे पहिलं. मी घरी जीन्सच्या पँटींचे धागे कापायचं काम आणत असे, नगावर पैसे. ते काम उल्हासनगरातच मिळायचं, म्हणून मला फार लांब जायचं नव्हतं. पण हे मी कुणाला म्हटलं नाही.

नवरात्राच्या आधीच्या तीन रविवारी आम्ही तीन जागा बघितल्या. अंबरनाथची खोली नाल्याला लागून होती. कारखान्यांचं पाणी त्यातून जायचं, वासानं मुलीनं नाकाला फ्रॉक लावला तो स्टेशनपर्यंत काढला नाही. दुसरी जागा बदलापूरला कुळगावात. कौलारू चाळीतल्या दोन छोट्या खोल्या, सकाळी तासभर नळ, संडास चौघांत एक. स्टेशन दहा मिनिटांवर, शाळा गल्लीच्या तोंडाशी. आमच्या वेळेच्या गाड्या बदलापूरहूनच सुटायच्या. अनामत पाच हजार, भाडं बेताचं. मला ती जागा आवडली. शेजारची बाई दारात गहू निवडत होती, ती मला म्हणाली, "या राहायला, मला पण कुणीतरी बोलायला होईल." मी नुसती हसले.

परत येताना हे म्हणाले, "बरी आहे की."

"बरी आहे," मी म्हटलं.

ठरल्यासारखंच होतं. पण आमच्यात थोरल्या भावाला विचारल्याशिवाय काही ठरत नाही. थोरले दीर अंबरनाथच्या एका कारखान्यात सुपरवायझर होते. कंपनीच्या क्वार्टरमध्ये राहायचे. भोंगा झाला की घरातून निघायचे आणि दुसऱ्या भोंग्याच्या आत पोचायचे. गाडीनं कामाला जाणं त्यांनी कधी केलं नाही. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि ह्यांना म्हणाले, "भाड्यात पैसा घालायचा म्हणजे मोरीत पाणी ओतायचं. जमीन घे. वांगणीला तीन गुंठे आहेत, वर बांधलेली खोली. बारा हजार मी देतो. हळूहळू फेड."

हे म्हणाले, "लांब पडेल दादा."

"लांब? बदलापूरच्या पुढचं तर स्टेशन. मोकळी हवा, आंब्याची दोन झाडं. म्हातारपणी मीही शेजारी येऊन पडेन."

अमांना हे कळलं तेव्हा त्या म्हणाल्या, "वांगणी? वहाँ तो मैं बकरी भी नहीं बाँधूँ." मला हसू आलं. घरी मी ते सांगितलं नाही.

तिसऱ्या रविवारी आम्ही वांगणीला गेलो. दीर, एजंट, हे आणि मागून मी आणि मुलगी. ह्यांनी स्टेशनच्या घड्याळात वेळ बघितली आणि पोचल्यावर हातातल्या घड्याळात. पंचवीस मिनिटं लागली. रस्ता कसला, शेताचे बांध. पण भात पिकत आलेलं, वारा होता, ह्यांचा चेहरा खुलला होता. मी त्यांना तसं फार वेळा बघितलेलं नव्हतं.

खोली विटांची होती, वर पत्रे. जरा खाली विहीर. पुरुष जमिनीच्या खुणा बघत होते तेव्हा मी विहिरीपाशी गेले. पाणी हाताला लागेल इतकं वर होतं. एक म्हातारी कातकरीण हंडा घासत होती. तिनं विचारलं, "हितं ऱ्हायला येताव का?"

मी मान हलवली.

"पानी हाय होलीपातूर. मंग आमी नदीला जाताव." तिनं हात करून दाखवलं. नदी दिसत नव्हती, नुसती झाडांची रांग दिसत होती, लांब.

आता मी काय करायला हवं होतं ते सरळ आहे. वर जाऊन सांगायचं, की इथं पाणी टिकत नाही. पण आमच्या घरात थोरल्या दिरांसमोर सून बोलत नाही. पदर घेऊन बाजूला उभं राहायचं. फारच अडलं तर मुलाच्या तोंडून विचारायचं. लग्नाला नऊ वर्षं झाली होती आणि त्यांच्याशी मी एक शब्द बोललेली नव्हते. हे त्यांच्या खांद्याला खांदा लावून उभे होते, त्यांना बाजूला बोलावलं असतं तर ते सगळ्यांनी बघितलं असतं.

मी मुलीच्या कानात म्हटलं, "मोठ्या बाबांना विचार, विहिरीला पाणी किती महिने असतं."

ती पळत गेली आणि मोठ्यानं विचारलं. एजंट तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाला, "बारमाही गं बाळ, बारमाही. कशाला पायजे, पोहायला?"

दीर हसले. म्हणाले, "आईनं पढवून पाठवलंय वाटतं. काय रे, तुझ्या घरात आता वकील झालाय."

हे पण हसले. मी पदर ओढला आणि आंब्याकडं बघत राहिले. मी नुसतं विचारायला लावलं होतं. मला जे कळलं होतं ते सांगायला लावलं नव्हतं. म्हातारी असं म्हणाली, इतकंच मुलीच्या तोंडी द्यायला हवं होतं, तिला ते पाठ झालं असतं. तिथंच दिरांनी पाचशे एक रुपये विसार दिला. त्यानंतर बोलण्यात अर्थ नव्हता असं मला वाटलं. आज वाटतं, तेव्हाही होता. पाचशे एकच गेले असते.

दिवाळीच्या तोंडावर आम्ही राहायला गेलो. माघापर्यंत दिवस बरे गेले. हे पहाटे साडेचारला निघायचे. कचेरीचे काळे बूट पिशवीत, पायात रबरी चप्पल. स्टेशनावरच्या चहावाल्याकडं चप्पल ठेवायची, बूट घालायचे, परत येताना उलट. वांगणीला थांबायच्या त्या कर्जतच्या गाड्या तेव्हा मोजक्या. संध्याकाळची एक चुकली की बदलापूरला उतरून बसून राहायचं. घरी आले की जेवताना डोळे मिटायचे. मुलगी त्यांना रविवारी शाळेचं सांगायची तेव्हा आठवड्याचं सगळं एका दमात सांगायची, मधलं बरंच विसरून.

होळी झाली आणि आठव्या दिवशी हंडा तळाला लागला. चिखल वर आला. त्या दिवशी मी आणि मुलगी नदीवर गेलो. जायला पाऊण तास, भरल्या हंड्यानं परत यायला एक तास आणि वर.

त्या रविवारी ह्यांनी स्वतः विहिरीत वाकून बघितलं. म्हणाले, "एजंट खोटं बोलला."

मी म्हटलं, "मला माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"त्या दिवशी विहिरीवर एक म्हातारी म्हणाली होती. होळीपर्यंतच असतं म्हणून."

ते विहिरीपासून मागं सरले. मग म्हणाले, "आणि तू गप्प बसलीस."

"दादांसमोर कशी बोलू?"

"मला तर सांगायचं."

"तुम्ही हसत होता," मी म्हटलं.

ते ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी दोन्ही हंडे उचलले आणि नदीच्या वाटेला लागले. पुढं इतक्या वर्षांत त्यांनी हा विषय कधी काढला नाही. ते भले आहेत म्हणून नाही काढला, की काढला तर त्यांनाही आपलं हसणं आठवलं असतं म्हणून, ते मला माहीत नाही.

त्या उन्हाळ्यात आम्ही ठरवलं, जागा विकायची आणि कुळगावात भाड्यानं जायचं. हे अंबरनाथला जाऊन आले. दिरांनी सांगितलं होतं, "जमीन आत्ता विकलीस तर निम्मे येतील. माझे बारा हजार खाली ठेव, मग कुळगावात राहा नाहीतर मलबार हिलवर राहा. मी विचारणार नाही."

म्हणजे पैसे फिटेपर्यंत आम्ही कुठं राहायचं ते त्यांच्या हातात होतं. त्यांनी वाईट हेतूनं केलं असं मी म्हणणार नाही. त्यांनी फंडातून उचल काढून पैसे दिले होते. पण दर महिन्याला शंभर रुपये द्यायचे म्हणजे दहा वर्षं, आणि दर महिन्याला कुठून शंभर येणार? पावसात गाड्या रखडल्या की ह्यांच्या रजा कापल्या जात. रजा संपल्या की पगार.

मी धाग्याचं काम परत धरलं. आठवड्यातून दोनदा दुपारच्या गाडीनं उल्हासनगरला जायचं, पन्नास पँटींचा गठ्ठा डोक्यावर घेऊन यायचं, कापून परत द्यायचं. जीन्सचा निळा रंग बोटांना लागतो तो जात नाही, भाकरीला पण लागतो. तिथल्या शेठच्या बायकोनं एकदा विचारलं, "इतनी दूर से आती हो, नजदीक कमरा क्यों नहीं लेतीं?" मी उत्तर दिलं नाही. तिला वाटलं मला हिंदी कळत नाही.

मुलगी सातवी झाली. आमच्याकडची शाळा तिथं संपत होती. पुढं शिकवायचं तर कुळगावात, म्हणजे पास, गणवेश, डबा. तिला सत्तर टक्के पडले होते. ती तो कागद घडी न करता हातात धरून घरी आली होती, पाटीसारखा. हे तो घेऊन अंबरनाथला गेले, त्या महिन्याचे शंभर आणि पेढे घेऊन. दोन महिन्यांचे आधीच थकले होते. दीर म्हणाले, "पास काढायला पैसे आहेत, माझे द्यायला नाहीत होय?"

हे परत आले आणि चप्पल न काढता बाजेवर बसले. मला म्हणाले, "एक वर्ष थांबू दे तिला. जरा फेडू, मग घालू."

ह्या वेळी समोर फक्त हे होते. बोलायला काही आडवं नव्हतं. मी म्हणू शकत होते, की मी दोन गठ्ठे जास्त आणीन, पण पोरगी जाईल. मी म्हटलं, "बरं." बोलायची सवय नसली की एकट्यातही बोलता येत नाही.

मुलगी रडली नाही. दुसऱ्या दिवशी माझ्या शेजारी बसली आणि कटर उचलला. तिचा हात माझ्यापेक्षा चलाख होता. त्या वर्षी आम्ही फार पैसे फेडले. पुढच्या वर्षी तिला शाळेचं विचारलं तर म्हणाली, "आता बारक्या पोरींत बसू?" मी चौथी, ती सातवी. इतकाच फरक मी तिला मिळवून दिला.

मग बरीच वर्षं सारखीच गेली. हे थकले. एकदा गाडी चुकली म्हणून बदलापूरहून रुळाच्या कडेनं चालत येताना खडीवर पाय मुरगळला, दीड महिना घरी होते, त्यात अर्धा पगार गेला. मुलगी सतरा वर्षांची झाली आणि उल्हासनगरच्या एका कारखान्यात शिलाईवर बसली. आता पहाटे दोघं बरोबर निघायची, बाप पुढं आणि लेक मागं. आसपास फार्महाऊस झाली, त्यांच्या बोअरना पाणी लागलं. एका वॉचमननं आम्हाला दोन हंडे भरू दिले, तेव्हापासून नदी सुटली.

कर्ज फेडायला अकरा वर्षं लागली. शेवटचे आठशे राहिले होते, त्यात पाचशे मुलीच्या पगाराचे. हे कचेरीत होते आणि दीर रिटायर होऊन क्वार्टर सोडायच्या गडबडीत, म्हणून ते मलाच द्यायला जावं लागलं. त्यांनी कुळगावात फ्लॅट घेतला होता. जाऊबाईंनी सांगितलं, स्टेशन जवळ आहे, दवाखाना जवळ आहे, दिरांना आता चालवत नाही.

घरभर खोकी बांधलेली होती. दीर खुर्चीवर बसले होते. मी पदर घेतला आणि नोटा त्यांच्या हातात न देता समोरच्या स्टुलावर ठेवल्या. त्यांनी चष्मा लावून दोनदा मोजल्या. मग खिशातून छोटी वही काढली, पानावर उभी रेघ मारली आणि माझ्याकडं न बघता जाऊबाईंना म्हणाले, "तिला सांग, सगळे फिटले. आता काही राहिलं नाही."

जाऊबाई माझ्याकडं वळल्या आणि म्हणाल्या, "सगळे फिटले गं. आता काही राहिलं नाही."