माझी नऊ मिनिटं बारा सेकंद

मार्चमधला दुसरा शनिवार, संध्याकाळचे सहा. जागा लोअर परळला जुन्या गिरणीच्या आवारातलं एक कॉफीचं दुकान. वादातली रक्कम रुपये अडीचशे. हजर माणसं चार: मी, माझी बायको, आमच्या शेजारच्या खोलीतले आबा, आणि दाराशी वही घेऊन उभी असलेली, कार्यक्रम करणारी मुलगी. एका कवितेचे पैसे मी एकदा भरायचे की दोनदा, हा वाद होता.

मी बोलताना अडतो. लहानपणापासून. प, ब, ट, क यांतलं अक्षर शब्दाच्या सुरुवातीला आलं की जबडा आवळतो, आणि शब्द बाहेर यायला कधी दोन सेकंद लागतात, कधी पंधरा. आईने मधात उगाळून वेखंड चाटवलं, गावच्या देवाला नवस बोलली. फरक पडला नाही. नोकरी हिशेबाच्या खात्यात मिळाली. बढती घेतली तर काउंटरवर बसावं लागेल असं दिसलं, तेव्हा मी बढती नाकारली. दोनदा.

लालबागला आमच्या चाळीत माणसं चांगली आहेत. मी अडलो की समोरचा माझा शब्द पूर्ण करून देतो. दूधवाला करतो, वाणी करतो, गॅलरीत उभी असलेली बाई बाहेरून आलेल्या पाहुण्यालाही सांगते, "त्यांना म्हणायचंय की..." यात कुणाचा वाईट हेतू नाही. पण चोपन्न वर्षांत माझी किती वाक्यं दुसऱ्याच्या तोंडून संपली, याची मोजदाद मला करता येणार नाही. त्यातली बरीचशी चुकीची संपली. मी मान हलवायचो. दुरुस्त करायचं म्हणजे पुन्हा अडायचं.

जानेवारीत जेवणाच्या सुट्टीत त्या दुकानाबाहेर मी एक कागद लावलेला पाहिला. स्वतः लिहिलेलं स्वतः बोलून दाखवा, मराठीत, माईक सर्वांसाठी खुला. 'सर्वांसाठी' हा शब्द मी दोनदा वाचला आणि त्या रात्री जेवणाआधी लिहायला बसलो. दोन महिन्यांत सव्वादोन पानं झाली. मनात वाचायला तीन मिनिटं पन्नास सेकंद. गच्चीवर घड्याळ लावून मोठ्याने अकरा वेळा म्हटली. सरासरी नऊ मिनिटं. आणि त्यांच्या नियमांतला पाचवा नियम होता, प्रत्येकाला पाच मिनिटं.

दुसरा कोणी असता तर गेला असता आणि बोलत राहिला असता. मला ते जमत नाही. मी त्या मुलीला आधीच लिहून कळवलं की मला नऊ मिनिटं लागतील, आणि का लागतील.

घरी बायकोने सगळं ऐकून घेतलं.

"अहो, तुम्ही लोकांसमोर अडलात की मला इथे कळ येते," ती छातीवर हात ठेवून म्हणाली. "माझ्यासाठी तरी नका जाऊ."

"मग तू येऊ नकोस."

"येणारच. वाटेत रस्ता चुकलात तर विचारणार कोण?"

तिला हसू आलं. मला आलं नाही. मग मला म्हणाली, "बरं. पण मी मध्ये बोलणार नाही असं काही वचन वगैरे मागू नका."

आबा गिरणीतून निवृत्त झालेले, मूळचे मालवणकडचे. त्यांचा उपाय सोपा होता. मी चाळीच्या भजनी मंडळात तीस वर्षं गातो आणि गाताना एकदाही अडत नाही. "भजनात तुझी गाडी खंय अडाकता रे? तसाच गावन टाक, झाला!" हे मला आयुष्यभर प्रत्येकाने सांगितलंय. मला गाता येतं हे मला ठाऊक आहे. पण हक्काची रजा मागताना साहेबासमोर कुणी गात नाही. डॉक्टरला दुखणं कुणी गाऊन सांगत नाही. मला बोलायचं होतं.

तर दाराशी ती मुलगी म्हणाली, "काका, सोप्पंय ना. दोन स्लॉट घ्या. अडीचशे आणि अडीचशे. मग दहा मिनिटं तुमची."

"कविता एकच आहे," मी म्हणालो. हे तीन शब्द म्हणायला मला अकरा सेकंद लागले.

"हो, पण वेळ डबल आहे ना. बाकीच्यांना मी काय सांगू?"

"जे ब... बाहेर लिहिलंय ते. सर्वांसाठी."

"काका, रूल म्हणजे रूल. पाच मिनिटांनी माईक बंद होतो. सगळ्यांचाच होतो."

तिचंही चुकत नव्हतं. मागे अठरा नावं होती आणि साडेआठला दुकान रिकामं करायचं होतं. मी म्हटलं, "बंद करा." एकाचेच पैसे दिले आणि आत जाऊन बसलो. आबा माझ्या कानाशी लागले, "अरे भर ना, वयाचो मान ठेवतली ती, कमीजास्त करीत." मी मान हलवली, या वेळी नाही म्हणून.

माझा नंबर सातवा होता. आधीच्या मुलांना घाई होती. भराभर बोलत होती, श्वास घेत नव्हती, एकाची तर तीन पानं चार मिनिटांत झाली. टाळ्यांऐवजी लोक चुटक्या वाजवत होते. मग मी उभा राहिलो. सुरुवात अशी होती:

मला हवं होतं ते मी कधी मागितलं नाही,
मला म्हणता येत होतं ते मागितलं.

पुढे त्यात सगळं होतं. बटाटावडा हवा असताना वर्षानुवर्षं खाल्लेली मिसळ. टॅक्सीवाल्याला परळ न सांगता 'लालबागच्या पुढे' सांगून चाललेलं अंतर. आमच्या मुलीचं नाव, जे बायकोच्या मनात वेगळंच होतं, पण मला हाक मारता यावी म्हणून दुसऱ्या अक्षरावरून ठेवलं.

परळवर मी अडलो. जबडा आवळला, डोळे मिटले गेले. तीन सेकंद, चार, पाच. आणि मागून आबांचा मोठा, मायेचा आवाज आला, "परळ! परळ म्हणता तो!"

सगळे हसले. शब्द बरोबर होता. आता पुढे गेलो असतो तरी चाललं असतं, आयुष्यभर तेच केलंय.

मी डोळे उघडले. "आबा, थांबा," म्हणालो. "माझा मी काढतो."

आणि पुन्हा पहिल्या अक्षरापासून सुरुवात केली. या खेपेला चौदा सेकंद लागले असतील. त्या चौदा सेकंदांत कुणी हललं नाही. परळ म्हटलं आणि पुढे गेलो.

पाच मिनिटं झाली, वहीवाल्या मुलीने मोबाइलचा लाल दिवा दाखवला आणि माईक बंद केला. माझं दुसरं पान नुकतंच सुरू झालं होतं. मी माईकपासून एक पाऊल मागे सरलो आणि त्याच आवाजात बोलत राहिलो. पुढच्या रांगेतल्या खुर्च्या सरकल्याचा आवाज झाला. मागचे पुढे येत होते. बायकोचा भाग आला, तिने सव्वीस वर्षं पूर्ण केलेल्या माझ्या वाक्यांचा. तिथे मी दोनदा वाईट अडलो. तिचे ओठ हलताना मला दिसले. तिने पदर घेतला आणि तोंडावर दाबून धरला. शब्द मीच आणला.

केव्हातरी माईकचा बारीक घूं असा आवाज परत सुरू झाला. मी पुढे गेलो नाही. उरलेलं तिथूनच म्हटलं, शेवटच्या ओळीपर्यंत. ती ओळ कुणीही पूर्ण करून दिली नाही.

चुटक्या वाजल्या, आबांनी मात्र भजनासारख्या टाळ्या दिल्या. बायकोने पाण्याची बाटली पुढे केली आणि माझी बाही धरून बसली.

निघताना दाराशी मुलगी म्हणाली, "काका, नऊ मिनिटं झाली."

"नऊ ब..." मी अडलो. तिचं तोंड उघडलं, तिने ते मिटलं, आणि थांबली. "...बारा सेकंद," मी म्हणालो.

"मला तो नियम बदलावा लागणार."

"बदला."

त्या संध्याकाळी त्या मुलीला दिले ते असे: माझे बोलण्याचे अडीचशे, बायकोचे आणि आबांचे ऐकण्याचे शंभर-शंभर, एकूण साडेचारशे. दुसरे अडीचशे तिने मागितले नाहीत. मागितले असते तरी मी दिले नसते.