घोडीच्या वाट्याचा जवस
जवस शिजल्याचा वास आला की घाटंजीचं आमचं अंगण आठवतं. आमची वरातीची घोडी आजारातून उठली होती, नुसत्या फासळ्या उरल्या होत्या. लगनसराई तोंडावर, म्हणून नवरा रोज तिच्यासाठी जवस शिजवून गूळ कालवायचा, तिला चटका बसू नये म्हणून आधी स्वतः चाखायचा आणि ओंजळीनं भरवायचा. मीही तेव्हाच तापातून उठले होते. मला फक्त "खिचडी टाकून घे" एवढंच. एकदा त्याची पाठ वळताच मी घमेल्यातला मूठभर जवस तोंडात कोंबला. त्यानं पाहिलंच. "काय वं, घोडीचं कायले खातं?" "मंग मले कोण भरवते?" मी म्हणाले. घोडी कधीच गेली. आता माझ्या गुडघ्यांसाठी तो जवस शिजवतो, आधी स्वतः चाखून मगच वाटी हातात देतो. आणि मला अजून जळायला होतं, की ही सवय त्याला तिनं लावली.