चिमणीचं बाळ आणि बंद मशीन

आमच्या शिवणखात्यात तिला सगळ्या चिमणी म्हणतात. अंगाने बारीक, आवाज त्याहून बारीक. कोणी काहीही बोललं तरी तोंडातून ब्र काढायची नाही, आणि मला नेमका त्याचाच राग यायचा. मी कॉलर शिवते, ती शेजारच्या मशीनवर बाह्या जोडते. पहिलटकरीण, पाचवा संपून सहावा लागला होता.

पोट चांगलं दिसायला लागलेलं. पाय इतके सुजायचे की दुपारनंतर चपला टेबलाखाली काढून ठेवायची. कातडी ताणून खाज सुटायची. बेंबीखाली काळी रेघ उमटली, तीही मला बाथरूममध्ये दाखवून तिने विचारलं, "मावशी, हे बरोबर आहे ना?" अगं बाई, सगळं बरोबर आहे! एकच गोष्ट बरोबर नव्हती. बाळ हलत नव्हतं.

डॉक्टरीणबाईंनी सांगितलेलं, त्याला आता ऐकू यायला लागेल, हातपाय झाडेल, आतून टिचकी मारल्यासारखं वाटेल. नाहीच वाटलं तर लगेच ये. सासू रोज विचारायची, "हललं का?" नाही म्हटलं की तोंड फिरवायची. नवरा म्हणे, हलेल की, घाई काय आहे? स्वतः बाप होतोय आणि म्हणे घाई काय!

त्या दिवशी तिने सुपरवायझरकडे अर्ध्या दिवसाची सुट्टी मागितली. मेला हसला. "माल उद्या जायचाय. बाळ कुठे पळून जातंय? रविवारी दाखव." रविवारी दवाखाना बंद असतो, हे या शहाण्याला कोण सांगणार? ती गुपचूप येऊन बसली, डोळे पुसले आणि बाही सुईखाली सरकवली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"ऊठ. दवाखान्यात चल."

"नको मावशी, कामावरून काढतील. पण जीव नुसता टांगणीला लागलाय हो. दिवसभर ही मशीन अंगात घुमते. घरी अंथरुणावर पडलं तरी पोटात तीच थरथर. बाळाचं काही कळतच नाही."

थरथरीचं मला नवल वाटलं नाही. या कामात ते सगळ्यांनाच होतं. संध्याकाळी चहाचा कप धरला तरी हात थरथरतो. तेवढ्यात मागून सुपरवायझर ओरडला, "गप्पा पुरे! हात चालवा!"

बस्स. माझं डोकंच फिरलं. उठले, भिंतीशी गेले आणि मेन स्विच खाली ओढला. "चालवा आता! हिला दवाखान्यात सोडत नाही तोवर एक टाका पडणार नाही!"

सगळी मशीनं थांबली. पंखेसुद्धा. चिमणीचा हात पोटावर गेला.

"मावशी, मशीन बंद आहे ना?"

"बंदच आहे."

"मग हे काय थरथरतंय?"

मी धावत जाऊन हात ठेवला. आधी काहीच नाही. मग तळव्याखाली टुणकन एक टिचकी! कितीतरी दिवस लेकरू आतून हाका मारत होतं आणि ही बापडी त्याला मशीन समजत होती. मला रडू आलं, आणि रडता रडता आणखीच संताप आला.

सुपरवायझर तणतणत स्विचकडे निघाला.

"हात लावू नका!"

इतका मोठा आवाज कोणाचा, म्हणून सगळ्या वळून बघायला लागल्या. चिमणी उभी होती, अनवाणी, दोन्ही हात पोटावर. "खबरदार चालू केलंत तर! आत्ता कुठे मला माझं बाळ कळतंय."

त्याचा हात तसाच वर राहिला.