हनुवटीने दाखवणारा

नव्वदच्या दशकात मी मोखाडा तालुक्यात नर्स होते. दर आठवड्याला राखीव जंगलातल्या पायवाटेने खोडाळ्याला जायचे, तेव्हा तिथला वनमजूर सोबतीला असायचा. तो बोटाने कधी काही दाखवत नसे. जनावराकडे बोट केलं की बोट सडतं, असं त्याच्या आईने सांगितलेलं. तो हनुवटी पुढे करायचा आणि शेजाऱ्यांची ओळख करून द्यावी तसं सांगायचा. “तो हरणटोळ, फांदीच वाटतो ना? अन् ही धामण, ओढ्याकडची. गरीब हाय.” मला सापांची हौस नाही, पण पाय कुठे टाकावा, हे त्याच्यामुळे कळलं.

एकदा हात आडवा धरून त्याने मला थांबवलं. कातळावर दोन हात लांब घोरपड ऊन खात होती. ती कपारीत शिरेपर्यंत त्याने मला हलू दिलं नाही.

पुढे बाजारात एकाने त्याला अडवलं. “काय रं, घोरपड दिसली का? कंबरेला तिचं तेल पायजे.”

“कुठली रं आता! संपल्या.” हनुवटी छातीला टेकलेली.

तो माणूस माझ्याकडे वळला. “बाई, तुमी त्याच वाटंनं आल्या ना?”

खोटं बोलायची मला सवय नाही. तरी म्हटलं, “दगडांखेरीज काही नाही दिसलं. कंबर दुखते तर केंद्रावर ये, मलम देते.”

 पुढच्या आठवड्यात वनमजुराने मला वाट सोडून वर नेलं आणि हनुवटीने दुसरी घोरपड दाखवली.